थंडीचा शब्द

बसथांब्यावर दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. त्यांतली ठेंगणी म्हणाली, "मी तर पार स्टार्व्हिन झालेय गं," आणि दुसरीने पिशवीतून ना बिस्किट काढलं ना पाव, आपल्या गळ्यातला मफलर सोडला, ठेंगणीच्या मानेभोवती दोन वेढे दिले आणि वर म्हणाली, "मग घरातून बोडकी निघालीस कशाला, शहाणे? आता मला सर्दी झाली तर तुझा नवरा येणार आहे का काढा द्यायला?" "माझा नवरा? तो जिवंतपणी कुणाच्या उपयोगी पडला नाही, आता कुठला येतोय," ठेंगणी म्हणाली, आणि दोघी खिदळल्या. एवढंच झालं. डंडी शहरात नदीवरून वारा यायचाच, तो येत होता. समोरच्या बेकरीतून माणसं खिम्याच्या गरम करंज्या कागदात धरून फुंकर मारत बाहेर पडत होती. आणि त्याच थांब्यावर उभ्या असलेल्या विल्मा स्पिंकने मात्र आलेली बस तशीच जाऊ दिली. ड्रायव्हरने दार उघडून तिच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि दार लावून घेतलं. बिस्किट नाही, मफलर. तिने पुन्हा एकदा मनात तो मफलर सोडवला आणि पुन्हा बांधला. स्टार्व्हिन. शाळेत, वर्तमानपत्रात, रेडिओवर, सगळ्या जगात या शब्दाचा अर्थ उपाशी, भुकेने कासावीस. पण इथून तासाभरावर, वर किनाऱ्याला जी कोळ्यांची गावं आहेत, तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द थंडीचा. स्टार्व्हिन म्हणजे गारठलेली, काकडलेली. भुकेशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि विल्माची आई, इशबेल, त्याच गावांतली, आणि गेले तीन आठवडे ती इस्पितळातल्या खाटेवरून रोज हेच सांगत होती.

आईला झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर भाषाही गेली. सगळी नाही गेली. दुकानातली गेली. इशबेलने पंचवीसेक वर्षं शहरातल्या एका मोठ्या कापडाच्या दुकानात टोप्यांच्या काउंटरवर काढली होती, आणि तिथे नदीकाठच्या बंगल्यांमधल्या बायका येत म्हणून मालकाने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कोळणीसारखं बोललेलं इथे चालणार नाही. तिने मग ती गोरीगोमटी भाषा अशी उचलली की घरीसुद्धा तीच. नवरा थट्टा करायचा, "बाईसाहेब, चहा मिळेल का?" म्हणून. ती भाषा झटक्यात वाहून गेली, आणि तळाशी चार खडे राहिले: नको, पाणी, विली (हा विल्माचा बाप, जाऊन जमाना झाला, त्याच्याच नावावरून तिचं नाव), आणि हा शब्द. संध्याकाळी विल्मा खुर्ची ओढून बसली की आई डाव्या हाताने तिची बाही धरायची आणि म्हणायची, "स्टार्व्हिन." ओठ थरथरायचे. विल्माला वाटायचं, अशक्तपणाने. आणि विल्मा चमचा उचलायची. गिळायला सोपं काय, तर थंड, मऊ, घट्टसर काहीतरी, असं इस्पितळातल्या बाईंनी सांगितलेलं. म्हणून ती वाटेतल्या इटालियन माणसाच्या दुकानातून आईस्क्रीम घेऊन यायची. आईला एके काळी ते फार आवडायचं. आई तोंड घट्ट मिटून घ्यायची, आणि विल्मा एका हाताने हनुवटी धरून, लहान मुलाशी बोलावं तसं, "एवढा एकच, माझ्यासाठी," असं करून तो बर्फाचा घास आत सारायची. मग आईच्या अंगावर शहारा यायचा. तो शहारा विल्माने पाहिला होता. रोज पाहिला होता. खिडकीजवळची खाटसुद्धा तिनेच भांडून मिळवली होती, आईला नदी दिसावी म्हणून, आणि त्या खिडकीच्या फटीतून रात्रंदिवस वारा येत होता.

दुसरी बस आली. विल्मा चढली आणि मागे जाऊन बसली. दोन वाजता डॉक्टर हॅलम तिची वाट पाहणार होते. पोटाला छोटंसं भोक पाडून नळी बसवायची, त्या नळीतून अन्न द्यायचं, हे आज ठरायचं होतं. ठरल्यातच जमा होतं. डॉक्टर आधी तयार नव्हते. भला माणूस, इंग्लंडमधला, बोलताना सारखा चष्मा पुसायचा. "या वयात, या अवस्थेत शरीर आपणहून आवरतं घेतं, प्रोफेसर," ते म्हणाले होते. "त्या खात नाहीत म्हणून चालल्या आहेत असं नाही. त्या चालल्या आहेत म्हणून खात नाहीत. नळीने काही महिने मिळतील, पण कसे मिळतील ते मी सांगू शकत नाही. बऱ्याचदा पेशंट नळी उपसतात, मग हाताला जाड पिशव्या बांधाव्या लागतात." विल्मा तेव्हा अशी उसळली होती की वॉर्डातल्या लोकांनी माना वळवल्या. "ती रोज मला भूक लागलीय म्हणून सांगते! माझी बाही धरून सांगते! तुम्ही काय तिला उपाशी मारणार?" डॉक्टर दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन खाटेशी बसले, त्यांनीही तो शब्द आपल्या कानांनी ऐकला, आणि चष्मा पुसत म्हणाले, "खरं आहे. पेशंटने स्वतः मागितलं नसतं तर मी नळीचं नाव काढलं नसतं. मागतात म्हटल्यावर मला नाही म्हणता येणार नाही." विल्माला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं होतं. घरी जाताना बऱ्याच दिवसांनी ती रस्त्याने गुणगुणली होती. कारण भूक लागते त्याला जगायचं असतं. आईला जगायचंय. हे एवढंच धरून ती तीन आठवडे उभी होती.

पेशीला भूक लागत नाही, असं विल्मा दर वर्षी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगे, आज सकाळीही सांगून आली होती. भूक हे आपल्यासारख्या पोटवाल्यांचे चोचले. पेशी कधी काही मागत नाही. तिला नुसतं कळतं, आणि तेही साठा किती आहे यावरून नव्हे. पेशीतली ऊर्जा एका रेणूत भरलेली असते. त्याला तीन फॉस्फेटांची शेपटी; काम होईल तशी ती तुटत जाते, आणि दोन तुकडे गेले की मागे उरतो तो जळून संपलेला. पेशी भरलेले रेणू मोजत बसत नाही, हे जळालेले मोजते. कोठीत न डोकावता शेगडीखालच्या राखेवरून कोळशाचा अंदाज घ्यावा, तसं. राख वाढली की ती एका प्रथिनाला जाऊन चिकटते, ते जागं होतं आणि मग सगळीकडे हात आखडता. नवं बांधकाम बंद. चरबी साठवायची नाही, असेल ती जाळायची. आतलं जुनंपानं मोडून वापरायचं. आणि दोन व्हायचं नाही: विभाजनाच्या उंबरठ्याशी आलेली पेशी तिथेच थांबते, दिवस पालटेपर्यंत. विल्माचं सगळं आयुष्य या एका प्रथिनामागे गेलं. संध्याकाळी पेशी ठेवलेल्या काचेच्या बशांमधलं साखरेचं पाणी काढून बिनसाखरेचं घालायचं आणि सकाळी येऊन बघायचं. लॅबमध्ये त्याला पेशी 'स्टार्व्ह' करणं म्हणतात, आणि तो शब्द तिच्या तोंडी दिवसभर इतका असे की त्याला दुसराही अर्थ असू शकतो हे तिच्या कानाला सुचायला जागाच नव्हती. काही बशांतून ते प्रथिन काढून टाकलेलं असायचं. त्या पेशींना थांबायचं कळत नसे. अंगात काही नसताना त्या वाढत राहायच्या, दोनाच्या चार होऊ बघायच्या, आणि मग एके सकाळी सगळ्या मेलेल्या. आज तास संपताना पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, थांबलेली पेशी जगण्यासाठी थांबलीय की मरायला लागलीय, हे बघून कसं ओळखायचं?" "सुरुवातीला दोन्ही सारखंच दिसतं," विल्मा म्हणाली होती. मुलीने ते लिहून घेतलं. किती सहज म्हणालो आपण ते, विल्माला आता बसच्या काचेला डोकं टेकून वाटलं.

पण कानाला सुचलं नाही हे तरी खरं का? लहानपणी तिला तो शब्द येत होता. आजोळच्या धक्क्यावर मासे चिरणाऱ्या बायका, लाल पडलेले हात काखेत खुपसून, दिवसभर तेच म्हणायच्या. सुट्टी संपवून ती तिथून परत आली आणि मग एके दिवशी शाळेतून भिजून घरी आली. बर्फमिश्रित पाऊस होता, मोजे चप्प झालेले. दारातूनच ओरडली, "आई, मी स्टार्व्हिन!" आई स्वयंपाकघरात शेगडीपाशी होती. वळली, पण पुढे आली नाही. "काय झालीस?" "स्टार्व्हिन." "उपाशी आहेस? सकाळी पॉरिज खाल्लंस ना पोटभर? मग नीट सांग काय होतंय ते." विल्माला कळेना. ती पुन्हा तेच म्हणाली. "थंडी वाजतेय म्हणायचं. उपाशी असतात ते स्टार्व्हिंग. असं बोललीस तर लोक तुला मासेवालीची मुलगी म्हणतील, आणि म्हणतील ते खोटं नसेल. म्हण. मला थंडी वाजतेय." विल्मा हट्टी. ती दारात उभी राहिली, पायाखाली पाण्याचं थारोळं, दात वाजतायत, आणि आई शेगडीपाशी उभी, दोघींच्या मध्ये स्वयंपाकघराची सगळी फरशी. शेवटी ती म्हणाली. नीट, स्वच्छ, दुकानातल्यासारखं म्हणाली. आणि म्हणाली मात्र, आई धावत आली, तिला टॉवेलात गुंडाळलं, तिची पावलं आपल्या पोटाशी घेऊन चोळत बसली, आणि चोळता चोळता रडत होती. ते रडणं विल्माला त्या वेळी कळलं नव्हतं. तो शब्द मात्र त्या दिवशी तिच्या अंगातून गेला तो गेलाच. इतका, की स्वतः आई, सगळं विसरून, पुन्हा कोळ्याची पोर होऊन, बाही धरून तोच शब्द म्हणाली तेव्हा प्रोफेसर विल्मा स्पिंकला त्यात भूक ऐकू आली. तूच घेतलास माझ्याकडून, विल्मा मनात म्हणाली, आणि तिला आईचा संताप आला. मग त्या संतापाची शरम वाटली, आणि शरमेच्या मागोमाग ते आईस्क्रीम आठवलं. तिने डोळे मिटून घेतले. समोरच्या बाकावरच्या बाईने विचारलं, "काय गं बाई, बरं वाटत नाही का?" "बरी आहे," विल्मा म्हणाली.

बस चढाला लागली तसा एक विचार तिच्या मनात हळूच येऊन बसला, आणि तो तिला हाकलता येईना. हे कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टर हॅलम इंग्लंडमधले, नर्स ग्वेन वेल्सची, वॉर्डातल्या पोरीटोरींनी हा शब्द कधी ऐकलेला नाही. आई समजावून सांगू शकत नाही. दोन म्हाताऱ्या मागे थांब्यावर राहिल्या. आपण मूग गिळून बसलो तर सगळं ठरल्याप्रमाणे होईल. आईला वर एक ब्लँकेट घालू, खाट खिडकीपासून हलवू, कुणी का म्हणून विचारणार नाही. आणि नळी बसेल. वसंत येईल, कदाचित उन्हाळाही. तिथे बसायला खुर्ची असेल, बाही धरणारा हात असेल. हात नसेल, हाताला पिशवी असेल. पण आई असेल. आणि सांगितलं, तर डॉक्टर चष्मा पुसतील, आणि मग आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत, संपलं. विल्माला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. लग्न झालं होतं, ते मोडल्याचंही आता कुणाच्या लक्षात नव्हतं. तिला स्वतःच्या आईसाठी खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. आणि खरं दुखत होतं ते निराळंच. आईने खायला मागितलंच नव्हतं. आईला जगायचंय, हे आईने एकदाही म्हटलेलं नव्हतं. ते सगळं विल्माने एका शब्दावर बांधलं होतं. आईने मागितलं होतं ते फक्त पांघरूण.

वॉर्डात ग्वेन दारातच भेटली. "बरं झालं लवकर आलात. आजींनी सकाळपासून तोंडाला कुलूप लावलंय. पाणीसुद्धा नको. काल मला चावल्या, बघा," तिने हसत बोट दाखवलं. "डॉक्टर येतीलच एवढ्यात." "गरम पाण्याची पिशवी मिळेल का?" विल्माने विचारलं. "पिशवी नाही देत आम्ही, आजींची कातडी अगदी कागद झालीय, भाजायचं एखाद वेळी. का हो? थंडी वाजतेय त्यांना? काही बोलल्या नाहीत." विल्मा कोटाची बटणं काढायला लागली. "थांबा, ब्लँकेट गरम करून आणते," ग्वेन म्हणाली, आणि गेली.

आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. नदी दिसत होती, करडी, सपाट, पलीकडचा किनारा धुक्यात गेलेला. विल्माने पांघरुणाखाली हात घालून आईची पावलं धरली आणि तिला ती सोडाविशी वाटली, इतकी ती गार होती. तीन आठवड्यांत आपण या बाईच्या पावलांना एकदाही हात लावला नाही. सगळं लक्ष तोंडाकडे. तिने कोट काढला, त्याच्या अस्तराला अजून तिच्या अंगाची ऊब होती, तो आईच्या पायांवर घातला आणि चोहोबाजूंनी दाबून बसवला. मग खाट खिडकीपासून ओढायला लागली. चाकं अडकली होती, तिने पायाने लाथ मारून ती सोडवली. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अहो, भाडं थकलं म्हणून घर बदलताय की काय?" विल्माला हसू आलं. ती आईच्या तोंडाशी वाकली. काय म्हणायचं ते ठाऊक होतं, पण जीभ रेटेना. इतक्या वर्षांनी तो शब्द त्या अर्थाने म्हणायचा म्हणजे पुन्हा दारात उभं राहण्यासारखंच होतं. "आई," ती म्हणाली, धक्क्यावरच्या बायका म्हणायच्या तशी, हेल काढून. "स्टार्व्हिन झालीस काय गं?" आईने डोळे उघडले. लेकीकडे बराच वेळ बघत राहिली, जणू हिला कुठेतरी पाहिलंय. मग म्हणाली, "लई." आणि एक सुस्कारा सोडला. विल्माला ती एवढी सुटल्यासारखी कधीच दिसली नव्हती.

ग्वेनने गरम ब्लँकेट आणून अंगावर टाकलं तशी आई नुसती विरघळल्यासारखी आत गेली. चेहऱ्यावर थोडा रंगही आला. विल्माने तिचा डावा हात चोळायला घेतला, पण बाहेरच्या वाऱ्याने तिचेच हात लाकूड झाले होते, आणि आईने चमकून ते चाचपले. एक चाचपला, दुसरा चाचपला. कपाळाला आठ्या पडल्या. मग त्या एका चालत्या हाताने तिने विल्माचे दोन्ही हात, आधी एक, मग दुसरा, ओढून ब्लँकेटखाली घेतले आणि काखेत दाबून धरले. त्या हातात इतका जोर असेल असं विल्माला वाटलं नव्हतं. ती अर्धी वाकलेली, खुर्चीच्या कडेवर टेकलेली, गाल आईच्या खांद्याशी. काखेत ऊब होती. म्हणजे अजून आत कुठेतरी जळत होतं, अगदी शेवटचं जुनंपानं मोडून जळत होतं, आणि त्यातून ती लेकीला देत होती.

"सुप्रभात तरी कसं म्हणू, दोन वाजले," डॉक्टर हॅलम पडद्याआडून आत आले. हातात चष्मा होताच. "खाट हलवलीत? चांगलं केलंत, तिथे वारा फार. मग प्रोफेसर, उद्या सकाळी पहिलं काम हेच करू या? सर्जनशी बोललोय मी." आईचा श्वास विल्माच्या केसांवर येत होता, संथ. अजून वेळ होता. अजून हो म्हणता येत होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, तिच्या मानेत ती हालचाल तयार होती. एक उन्हाळा. डॉक्टर थांबले होते, त्यांना घाई नव्हती.

"तिला भूक नाहीये, डॉक्टर," विल्मा म्हणाली.

"पण त्या स्वतःच... मी ऐकलंय की."

"तो शब्द थंडीचा आहे. तिच्या गावाकडचा. तिला थंडी वाजत होती." आवाज आपला नसल्यासारखा येत होता. "तीन आठवडे ती थंडी वाजतेय म्हणत होती आणि मी तिला आईस्क्रीम भरवत होते."

डॉक्टरांना समजायला जरासा वेळ लागला. मग ते खाटेच्या कडेवर बसले. बसल्यावर बरेच म्हातारे दिसले. "म्हणजे नळी..."

"नको."

"यानंतर काय होतं, किती दिवस, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

"मी शिकवते ते," विल्मा म्हणाली.

त्यांनी मान हलवली, आईच्या कपाळाला बोटांच्या मागच्या बाजूने स्पर्श केला आणि गेले. पडदा हलत राहिला, मग थांबला. आईला झोप लागली होती. विल्माला रडू फुटलं, चांगलं नाकाडोळ्यांतून वाहायला लागलं, पण आईने काखेत धरलेले हात झोपेतही सोडले नव्हते, त्यामुळे तिला तोंड पुसता येईना. ते ओढून काढता आले असते. तिने काढले नाहीत.